चिलखतभेद : शून्य

त्र्यंबक आठल्ये चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि डोंबिवलीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत स्वस्थ बसायचं ठरवून पंधरा दिवसांत कंटाळले. मग त्यांनी रविवारी दुपारी चार ते सहा मुलं जमवायला सुरुवात केली. फी नाही, हजेरी नाही. पुढच्या खोलीत सतरंजी घालायची, आलेल्या पोरांना गोष्टी सांगायच्या, नकाशे काढायला लावायचे, वादविवाद करू द्यायचे. कुणी चुकलं तर सर रागावत नसत. "बघ बरं पुन्हा," एवढंच म्हणत. तेही इतकं हळू की चुकलेल्याला आपण चुकलो याची लाज वाटत नसे, उलट पुन्हा बघण्याचा हुरूप येई. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता केस पिकले तरी रस्त्यात वाकून नमस्कार करत, ते या एका गुणासाठी.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पोरांना ट्रंप कार्डांचं वेड लागलं होतं. कुस्तीगिरांचे पत्ते, विमानांचे पत्ते, रणगाड्यांचे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर चित्र आणि खाली आकडे. एकाने पुकारायचं, "वेग पंचेचाळीस!" समोरच्याचा आकडा कमी निघाला की त्याचा पत्ता आपला. सुश्रुत नावाचा एक बारा वर्षांचा मुलगा होता, बुद्धीने तल्लख आणि जिभेने त्याहून. त्याने एका रविवारी रणगाड्यांच्या पत्त्यांचा जोड आणला. सरांनी कौतुकाने एक पत्ता उचलला, चष्मा वर सरकवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सुश्रुत, हे कुणी लिहिलंय? हा जपान्यांचा हा-गो. चिमुकला रणगाडा. याचं चिलखत बारा मिलिमीटर. इथे पंचवीस छापलंय. पंचवीस त्याच्यापेक्षा मोठ्या चि-हाचं. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात घातलाय या लोकांनी!"

मुलं खो-खो हसली. पण सरांना ते लागून राहिलं. एवढ्या जोडात जर्मन दहा, अमेरिकन आठ आणि जपानी फक्त दोन. जो शत्रू दुसऱ्या महायुद्धात इंफाळपर्यंत, म्हणजे आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता त्याचे दोन पत्ते, आणि त्यातला एक चुकीचा. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपण आपला जोड करू. जपानी रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा. बत्तीस पत्ते. आणि आकडा असेल तो खरा."

पुढचे दोन महिने सर टेबलाला चिकटून बसले. जुन्या पुस्तकांतून, मासिकांच्या कात्रणांतून माहिती गोळा केली, काळ्या शाईने एकेक चित्र काढलं. रणगाड्यांचं बरंचसं जमलं. तोफांचं मात्र अडलं. एका पत्त्यावर सात रकाने, बत्तीस पत्त्यांचे दोनशे चोवीस. त्यातले तेवीस रकाने शेवटपर्यंत कोरे राहिले.

"मग राहू द्या की कोरे," त्यांच्या पत्नी रमाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"अगं, कसे राहू देऊ? एकाने 'पल्ला' पुकारला आणि दुसऱ्याच्या पत्त्यावर पल्लाच नसेल तर खेळ तिथेच थांबला ना."

कोरा रकाना खेळात चालत नाही, म्हणून सरांनी ते तेवीस रकाने अंदाजाने भरले. अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. शेजारच्या आकड्यांवरून, साधारण विचार करून त्यांनी तो बांधला होता. पंचाहत्तर मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफेच्या पत्त्यावर 'चिलखतभेद', म्हणजे किती जाडीचं चिलखत फोडते, या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. आकाशाकडे बघणारी तोफ ती, तिचा रणगाड्याशी काय संबंध? त्या तोफेचं चित्रही हाताशी नव्हतं. एका जर्मन तोफेचं होतं, त्यावरून चार पायांची बैठक काढली आणि वर नळी बसवली. पत्ते पुठ्ठ्यावर झेरॉक्स करून, कापून, सतरंजीवर मांडले तेव्हा सरांची छाती भरून आली होती. "पोरांनो, या जोडातला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," ते म्हणाले. पोरांनी त्यातला आकडा न् आकडा पाठ केला. सुश्रुतने तर दोन आठवड्यांत.

या वर्गात तुळसा भोईर नावाची एक मुलगी होती. ठाकुर्लीच्या जुन्या गावातली, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातली. इमारतींतल्या मुलांमध्ये ती सुरुवातीला बुजायची, पण नकाशा असा सुरेख काढायची की हळूहळू सगळे तिच्याभोवती जमायला लागले. तिला आणायला-न्यायला तिचे आजोबा परशुराम येत. सत्तरीचा काटक म्हातारा, डोक्याला पंचा. ते कधी आत येत नसत. दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहत आणि सहा वाजले की उठत.

जुलैतल्या त्या रविवारी तुळसा आणि सुश्रुतचा डाव रंगला होता. सुश्रुतच्या हातात चि-हा, तुळसाच्या हातात विमानविरोधी तोफ. सुश्रुतने डोळे मिचकावत पुकारलं, "चिलखतभेद!"

तुळसाने पत्ता खाली टाकला. "शून्य."

"भोपळा! भोपळा-तोफ! आण इकडे!"

"कंची तोफ गो ती?" दारातून आवाज आला. परशुराम पायरीवरून उठून उंबऱ्यात आले होते. "बगू."

तुळसाने पत्ता नेऊन दिला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला.

"हिचा शून्य? मास्तर, काय तरी चुकलाय. हिनं आमच्या पुढचा रणगाडा फोडलाय. मेक्तिलाला, ब्रम्हदेशात. पंचेचाळीस साली."

सर हसले. "परशुरामदादा, ही विमानं पाडायची तोफ आहे."

"विमानाचीच. पन त्या दिवशी ती वर नव्हती बगत. नळी अशी आडवी पाडलेली, आमच्याकडं. आन् हिच्या तंगड्या चार नाय, पाच." म्हातारा खाली वाकला आणि त्याने उजवा पंजा बोटं फाकवून फरशीवर टेकवला. "अशा."

मुलं एकदा त्या पंजाकडे आणि एकदा सरांकडे बघू लागली. त्या क्षणी सरांनी आपलं नेहमीचं "बघ बरं पुन्हा" स्वतःलाच म्हटलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सगळ्यांसमोर, आपल्याच घरात, आपल्याच पत्त्याला कुणी तरी चूक म्हणत होतं. आणि ते कोण, तर उंबऱ्यातला पंचावाला.

"पलटणीत तुम्ही कशात होता, दादा?"

"डायवर. दारूगोळ्याची मोटार चालवायचो."

"म्हणजे मागच्या रांगेत."

"मागं. पन लय लांब नाय."

"मागून दिसतं ते धुरातून दिसतं," सर म्हणाले. आवाज गोड होता, वर्गात वापरायचा तोच. "लढाईला जाणं वेगळं आणि लढाई माहीत असणं वेगळं. तुम्ही ती बघितलीत तेव्हा बहुधा गाडी उलटी वळवत असाल!"

मुलं हसली. सरांना ते हसू येणार हे आधीच ठाऊक होतं, आणि आलं तेव्हा बरंही वाटलं.

परशुरामांनी पत्ता सतरंजीच्या कडेला ठेवला. "चल गो, तुळसा," एवढंच म्हणून ते निघाले. सहा वाजायला अजून अर्धा तास होता.

पुढच्या रविवारपासून मुलांनी तुळसाचं नाव 'पाच तंगडी' ठेवलं. सर "असं म्हणू नये" म्हणाले खरे, पण ज्या सुरात म्हणाले त्या सुरात पोरं काही थांबत नाहीत. तुळसा येत होती, पण एकटी. आजोबा तिला कोपऱ्यावर सोडून तिथूनच परत फिरत. ती कोपऱ्यात बसून नकाशे काढायची, पत्त्यांना हात लावायची नाही. तिसऱ्या रविवारी सुश्रुतने तिच्या वहीवर पाच पायांचा खेकडा काढला, तेव्हा तिने त्याच्या हातावर कंपासपेटी आपटली. रक्त आलं.

"सर, तिला एकदाचा पुरावाच दाखवा ना," सुश्रुत हात चोखत म्हणाला. "पुस्तकातला फोटो. म्हणजे तिच्या आजोबांनी थाप मारली हे तिला कळेल."

"आजा थापा नाय मारत!" तुळसा ओरडली. मग सरांकडे वळून, एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "नाय ना, सर?"

सर म्हणाले, "बघू या."

आणि पुरावा आणायला ते ठाण्याला गेले. आपण बरोबर आहोत हे दाखवायलाच गेले, हे पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला वेगळ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करत राहिले, पण खरं तेच होतं. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात कुणा निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरून आलेली इंग्रजी पुस्तकं होती, हे त्यांनी ऐकलं होतं. ग्रंथपालाने धूळ झटकत पाच-सहा जाडजूड ग्रंथ पुढे आणून ठेवले. चौथ्या ग्रंथात तो फोटो सापडला. विमानतळाच्या कडेला पकडलेली जपानी तोफ, बाजूला दोन शिपाई. सरांनी बोट ठेवून पाय मोजले. पाच भरले. पुन्हा मोजले. जमिनीवर पंजा फाकवून टेकवावा तसे पाच. नळी जमिनीला समांतर. खाली दोन ओळी होत्या : मेक्तिला, मार्च १९४५, रणगाड्यांविरुद्ध वापरलेली विमानविरोधी तोफ.

सरांनी पान उलटलं नाही. समोर बसलेला एक विद्यार्थी पेन टकटकवत होता. आपले कान तापलेत आणि ते कुणालाही दिसतील, असं त्यांना वाटायला लागलं. पुस्तकात काय आहे हे त्यांना आज कळलं. पण त्या दिवशी पुस्तक न उघडताच त्यांनी त्या माणसाला पळपुटा म्हटलं होतं. सरळ तो शब्द न वापरता, पोरांना हसवून. वर्गातल्या एखाद्या मठ्ठ मुलाशीही ते कधी असं वागले नव्हते. मग याच्याशीच का? उत्तर त्यांना माहीत होतं. हेच एखाद्या इस्त्रीच्या सदऱ्यातल्या निवृत्त कर्नलने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली असती आणि वही काढून लिहून घेतलं असतं.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते नवा पत्ता काढण्याचं. पाच पाय, आडवी नळी, शून्याच्या जागी पुस्तकातून टिपून आणलेला आकडा. रमाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा कशाला पुन्हा?"

सरांनी सांगितलं, थोडक्यात.

"आणि तुळसाला?"

"रविवारी जोडात नवा पत्ता दिसेलच. कळेल तिला."

"तिला कळेल. तिच्या आजोबांना काय कळणार? त्यांना तुम्ही पत्त्याने नाही खोटं पाडलंत, तोंडाने पाडलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत ठाकुर्लीला गेले.

परशुराम ओट्यावर बसून जाळ्याची भोकं सांधत होते. सरांना बघून ते उठले, पंचाने बाकडं पुसलं, "बसा मास्तर" म्हणाले. सुनेला, रंगूबाईला, चहा टाकायला सांगितलं. त्या आदराने सर आणखीच आक्रसले. चहा आला तेव्हा ते म्हणाले, "दादा, तुम्ही बरोबर होतात. पाच पाय आहेत. आणि ती रणगाड्यांवरच चालवली होती. माझं चुकलं."

म्हाताऱ्याने गाठ आवळून सुरीने दोरा कापला.

"कुठं गावला?"

"पुस्तकात. फोटो आहे."

"फोटू काढला व्हय कुनी," परशुराम म्हणाले. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "माझ्या पुढच्या मोटारीवर सीताराम व्हता. कल्यानचा, खाडीपलीकडचा. त्या तोफेनंच गेला. मी परत आलो तवा त्याची आय आली इचारायला. मी बोललो, मावशे, विमानाच्या तोफेनं गेला. ती बोलली, माझा पोर विमानात कवा बसला रं? तिला वाटला, मी कायतरी लपवतोय. मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाय. कुनाला पटतच नाय, मास्तर. म्हनून मी सांगायचा सोडला व्हता. तुमच्याकडं त्या पत्त्यावर ती दिसली, म्हनून तोंड उघडला."

सरांनी कप बशीत ठेवला.

"मी माफी मागायला आलोय, दादा."

"तुमचा राग नाय. मोठी मानसं बोलतात, सवय हाय. पन पोरीनं घरी येऊन इचारला, आजा, तू खोटा बोललास का? ते नको व्हता, मास्तर." म्हाताऱ्याने पहिल्यांदाच सरांकडे सरळ बघितलं. "इथं बोलून काय फायदा? इथं कोन हाय? ज्यांना हसवलात त्यांना सांगा."

"सांगतो. रविवारी तुम्हीही या. तुमच्यासमोर सांगतो."

"मी नाय येनार. मी असलो का तुमी मना बरा वाटावा म्हनून बोलाल. पोरांना ते कळतं."

रविवारी अकरा मुलं आली होती. तुळसा नेहमीच्या कोपऱ्यात. सरांनी सतरंजीवर जोड मांडला नाही. ते उभे राहिले. चौतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, पण हातांचं काय करावं हे त्यांना त्या दिवशी उमगेना.

"पोरांनो, मी एक खोटं सांगितलंय," ते म्हणाले. मग त्यांनी फोटो सांगितला, पाच पाय सांगितले, मेक्तिला सांगितलं. "तुळसाचे आजोबा खरं बोलत होते. मी पुस्तक न बघता त्यांना खोटं पाडलं. ते गाडी उलटी वळवत असतील, असं मी म्हणालो, ते तुम्ही हसावं म्हणून म्हणालो. ते पळाले नव्हते. त्यांच्या पुढच्या गाडीतला त्यांचा सोबती त्या तोफेने गेला. माझ्यामुळे तुम्ही तुळसाला चिडवलंत. तिची चूक नव्हती, तुमचीही फारशी नव्हती. माझी होती."

तुळसा मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होती. टोक झालं तरी काढतच होती.

सरांना वाटलं, झालं. छातीवरचा दगड उतरायला लागला होता, तेवढ्यात सुश्रुत म्हणाला, "सर, मग ते शून्य कुठल्या पुस्तकात होतं?"

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"कुठल्याच नाही. माहिती मिळाली नाही, म्हणून मी लिहिलं."

"मनाने?"

"मनाने."

"आणि असं... तेवढं एकच ना, सर?"

'हो' एवढा एक शब्द पुरला असता. अकरा जोडी डोळे त्या एका शब्दाची वाट बघत होते, आणि त्यांतल्या दहा जोड्यांना 'एकच' हेच ऐकायचं होतं.

"तेवीस," सर म्हणाले.

"कुठले तेवीस?"

आता मात्र सर खाली बसले. तेवीस रकाने अंदाजाने भरले होते, पण त्यांवर खूण केलेली नव्हती. शाई एकच, अक्षर एकच. खरे कुठले आणि मनाचे कुठले, हे आता त्यांना स्वतःलाही नक्की सांगता येणार नव्हतं.

"मला सगळे आठवत नाहीत, बाळ."

सुश्रुतचा चेहरा लाल झाला. "मी सगळे पाठ केलेत! दोनशे चोवीसच्या दोनशे चोवीस! शाळेत मी वानखेडे बाईंना सांगितलं, तुमचं पुस्तक चूक आहे, आमच्या सरांचं बरोबर आहे. तुम्हीच म्हणालात काळ्या दगडावरची रेघ!" तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रडू लागला. त्याला जवळ घ्यावं म्हणून सरांचा हात पुढे झाला, पण तो हात आत्ता कुणाला चालेल याची त्यांना खात्री वाटेना. त्यांनी तो मागे घेतला.

मग तुळसा उठली. फडताळावरचा पत्त्यांचा डबा तिने खाली काढला, सरांसमोर मांडी घालून बसली आणि वरचा पत्ता उचलला. टोक केलेली पेन्सिल तिच्या हातातच होती.

"हा-गो," ती म्हणाली. "वजन सात पूर्णांक चार टन. पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं."

"वेग?"

"पुस्तकातला."

"चिलखत बारा?"

"ते पुस्तकातलंच. नक्की."

"पल्ला?"

सरांनी पत्ता हातात घेऊन निरखला. "माहीत नाही," ते म्हणाले.

तुळसाने त्या रकान्यावर फुली मारली आणि दुसरा पत्ता उचलला. तिच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. नकाशात नदी काढताना जशी ती लक्ष देऊन रेघ ओढायची, तसं ती विचारत होती. एकेक करून मुलं सरकून जवळ आली. सातव्या पत्त्याला सुश्रुतही आला, नाक पुसत. आकडे तो न बघता सांगू लागला, तुळसा विचारू लागली आणि सर उत्तर देऊ लागले. जिथे थोडी जरी शंका आली, तिथे ते "माहीत नाही" म्हणत. पंधराव्या पत्त्याला फुल्या तेवीसच्या पुढे गेल्या होत्या.

सहा वाजले. मुलांना न्यायला आयाबाया आल्या, कुणाचे वडील आले. दारात चपलांची गर्दी झाली. आत काय चाललंय ते कुणाला कळेना. अकरा मुलं घोळका करून बसलेली आणि मध्ये आठल्ये सर, मान खाली घालून. सुश्रुतच्या आईने वाकून बघत विचारलं, "काय हो सर, परीक्षा चाललीय का यांची?"

"यांची नाही, माझी," सर म्हणाले.

"पत्ता एकोणीस," तुळसा म्हणाली. "वीस मिलिमीटरची तोफ. मिनिटाला गोळे एकशे वीस. पुस्तकातले?"

सरांनी दारातल्या माणसांकडे एकदा बघितलं. आवाज खाली करावासा वाटला. त्यांनी तो केला नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी मनाने लिहिलंय."